गिअरबॉक्सची बखर

पानिपताची बखर झाली, पेशव्यांची झाली, लहानसहान सरदारांनीसुद्धा आपापल्या कैफियती लिहवून घेतल्या. पण मोटारीच्या गळतीची बखर काही कुणी लिहिली नाही. वास्तविक या एका विषयावरून मराठी मध्यमवर्गात जेवढी घरं अबोल झाली तेवढी इस्टेटीच्या वाटणीवरूनही झाली नसतील. इस्टेट मुळात असते कुठे? गळती मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते. छप्पर गळतं, नळ गळतो, छत्री तर दुकानातूनच गळत येते. आणि ज्याच्या घरी जुनी मोटार आहे त्याच्या अंगणात रोज सकाळी रुपयाएवढा एक काळपट डाग पडलेला असतो. घरची बाई रांगोळी काढायला येते ती नेमकी त्याच जागी.

आमच्या काकांचं घर नाशिकला, गंगापूर रोडवर. काकांनी सारी हयात नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात काढली. देशाचा पैसा डोळ्यांसमोरून रोज गठ्ठ्यागठ्ठ्यांनी जात असे, आणि १९७८ साली फियाट घ्यायची ठरली तेव्हा काकांना सोसायटीचं कर्ज काढावं लागलं. हा विनोद काका स्वतः सांगतात, काकूंना तो आवडत नाही. गाडीचं कागदोपत्री नाव प्रीमियर पद्मिनी. पण पद्मिनी तिला फक्त आरटीओने म्हटलं. आम्ही सगळे फियाटच म्हणतो.

बखर म्हटली की वंशावळ आली. ती सोलापूरपासून सुरू होते. तिथले वालचंद हिराचंद, जन्म १८८२ चा. इंग्रज जे जे ‘तुम्हाला जमायचं नाही’ म्हणत ते ते करून पाहायची या गृहस्थांना खोड होती. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट समुद्रात गेली, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, आणि १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. मुंबईत त्याआधीही मोटारी तयार होत; १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्सवाले परदेशातून आलेले भाग जोडून गाड्या बाहेर काढत होते. पण ते शेवया विकत आणून खीर करण्यापैकी झालं. वालचंदांना शेवयासुद्धा घरीच करायच्या होत्या.

नाशिककरांना तर या माणसाने तिन्ही बाजूंनी घेरलेलं आहे. आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, रावळगावला १९३३ मध्ये त्यांचा साखरेचा उद्योग उभा राहिला, आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. बंगळूरचा विमान कारखाना पुढे सरकारी झाला, आणि त्याच घराण्यातला मिग विमानांचा कारखाना १९६४ मध्ये ओझरला आला. म्हणजे ऐंशीच्या सुमाराला काकांच्या फियाटच्या मागच्या सीटवर बसून, रावळगावची गोळी चघळत, खिडकीतून ओझरचं विमान बघणारा पोरगा एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेल्या तीन कल्पनांच्या मधोमध बसलेला होता. तो पोरगा मी. मला त्या वेळी त्यांतली फक्त गोळी कळत होती.

१९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवलं, की इथे गाडी बनवणार असाल तर राहा, नुसती जोडणार असाल तर जा. परदेशी जोडारी गेले. वालचंदही त्याच वर्षी वारले. आपल्या ओळखीची फियाट अकराशे कुर्ल्यातून बाहेर पडू लागली ती १९५४ साली. १९६४ मध्ये तिची डिलाइट झाली, सत्तरच्या दशकात इटलीचं नाव गळून प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. सासरी गेलेल्या मुलीसारखी नावं बदलली, बांधा तोच राहिला. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, जेवणात लोणचं वाढावं तसा डाव्या हाताला. ती, अँबॅसडर आणि स्टँडर्ड. एवढ्यांतूनच देशाने बायको पसंत करावी तशी गाडी पसंत करायची. आणि पसंत करून थांबायचं. पैसे भरून वर्षानुवर्षं थांबायचं. लोकांची मुलं नंबर लावताना रांगत असत आणि गाडी आली तेव्हा तीच धुवायला लागत.

आता इतकी वाट पाहून आलेली वस्तू चार थेंब गळते म्हणून कुणी टाकून देईल का? आपला फियाटवाला माणूस गाडीखाली गेला तो हौसेने नाही, हे इतिहासकारांनी ध्यानात घ्यावं. ‘स्वतः करा’ वगैरे गोष्टी परदेशात रविवारचा विरंगुळा म्हणून करतात. आपल्याकडे दुसरी गाडी नव्हती, सुटा भाग वेळेवर मिळत नव्हता आणि गॅरेजवाल्याचं ‘उद्या’ हे तिथिवाचक नव्हतं. म्हणून साहेबसुद्धा लेंगा घालून गाडीखाली गेला. एकदा गेल्यावर मात्र त्याला तिथून बाहेर यावंसं वाटेना, ही गोष्ट वेगळी. गाडीखाली काकू दिसत नाहीत आणि छापखान्याचा सायरनही ऐकू येत नाही, असं काका सांगतात.

गळती म्हणजे नेमकं काय हे सांगितल्यावाचून बखर पुढे सरकायची नाही. गिअरबॉक्स म्हणजे लोखंडाचा डबा, त्यात दातेरी चक्रं, आणि ती मधासारख्या घट्ट तेलात अर्धीमुर्धी बुडालेली. गॅरेजच्या भाषेत नव्वद नंबरचं तेल. डब्याला दोन्ही टोकांना भोक ठेवणं भाग आहे. एकीकडून इंजिनाकडचा दांडा आत येतो आणि दुसरीकडून चाकांकडे जाणारा बाहेर पडतो. तो दांडा मिनिटाला हजारो फेरे फिरला पाहिजे, आणि त्याच्या बाजूने तेलाचा थेंब बाहेर येता कामा नये. पाहुण्याला दार उघडायचं, पण त्याच्या पायात घुटमळणारं मांजर आत येऊ द्यायचं नाही, असा हा पेच आहे.

यावर माणसाने पहिला उपाय काढला चामड्याचा. ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना हे समजावून सांगायला नको. स्टोव्ह हवा धरेनासा झाला की आई पंपाचा दांडा ओढून काढायची, टोकाचं चामड्याचं वायसर तेलात भिजवून, बोटांनी पसरवून परत बसवायची, आणि स्टोव्ह पुन्हा भडभडू लागायचा. मोटारीतही असंच होतं: चामडं, नमदा, दोरी. जर्मनीत वाइनहाइम नावाच्या गावी फ्रॉयडेनबर्ग म्हणून कातडी कमावणारं जुनं घराणं होतं. १९२९ च्या मंदीच्या सुमारास कातड्याचा धंदा बसायला आल्यावर ते मोटारींसाठी चामड्याची सीलं करू लागले. त्यांच्याकडच्या वाल्टर सिमर नावाच्या इंजिनियरने त्याची नीट बांधीव कडी केली, आणि १९३६ पासून चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. आज आपण ज्याला ऑइल सील म्हणतो ते हेच. रबराची कडी, तिला आतून ओठासारखी पातळ धार, आणि तो ओठ दांड्याला टेकून राहावा म्हणून पाठीमागे बारीक तारेच्या स्प्रिंगचं कडं. म्हणजे ज्या वस्तूवरून काका आणि काकू १९९१ सालचा सबंध श्रावण बोलत नव्हते, तिचं मूळ एका चर्मकाराच्या कारखान्यात आहे.

रबराचा एक गुण असा, की त्याला कामात ठेवलं तर बरं असतं. गाडी चालली की तेल उडतं, ओठ ओला राहतो. गाडी उभी राहिली की ओठ वाळतो, कडक होतो, आणि आहे त्याच आकारात आखडून बसतो. निवृत्त माणसांचंही असंच होतं, पण हे मी काकांसमोर बोललो नाही.

काकांच्या फियाटचा कालगणनेचा हिशेब सिंहस्थाने चालतो. १९८० चा सिंहस्थ तिने कोरड्या पोटाने पाहिला. त्र्यंबकला जाऊन आली, थेंब नाही. १९९१ च्या सिंहस्थात पहिला डाग पडला. भद्रकालीतले एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी गाडीखाली न वाकता नुसतं बोट डागाला लावून हुंगलं आणि ‘गिअर का है’ एवढंच सांगितलं. गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिनाच्या तेलाला नसतो. ही विद्या काका चाचांकडून शिकले आणि पुढे आयुष्यभर लोकांच्या अंगणातले डाग हुंगत राहिले. २००३ च्या सिंहस्थात दुसरं सील गेलं. तोवर गाडी निघायची बंद झालेली होती, त्यामुळे सील कुर्ल्याच्या भंगारबाजारातून आणावं लागलं. ज्या कुर्ल्यात ती जन्मली तिथल्याच भंगारात तिचे अवयव मिळू लागले होते. २०१५ ला तिसरं. ते काकांनी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी स्वतः गाडीखाली जाऊन बसवलं आणि मग दोन दिवस कंबरेला शेक घेतला.

हिशेबाने पुढचा मान २०२७ चा होता. पण २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं माणसांप्रमाणे गाड्याही घरात बसून राहिल्या, आणि २०२३ च्या पावसाळ्यात डाग पुन्हा दिसला. या वेळी नुसता डाग नव्हता, थारोळं होतं. आणि वेळ वाईट होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन दाखवायची. काकांची तारीख नोव्हेंबरात येत होती. शुल्कही १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचं पाच हजार झालेलं. त्यातच बातमी आली की ३० ऑक्टोबरपासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी दिसणार नाही; शेवटची २००३ मध्ये तारदेवला नोंदली गेली होती, तिची वीस वर्षं भरली. काकांनी ती बातमी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून उशाखाली ठेवला. काका जपून ठेवतात ते पेपर एरवी लग्नाच्या जाहिरातींचे असतात.

न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला. “बाबा, द्या ना आता भंगारात. कोण चालवतंय?”

“पन्नास वर्षं झाली की व्हिंटेज म्हणून नोंदता येते,” काका म्हणाले. “२०२१ पासून नियम आहे. पाचच वर्षं राहिली.”

“अहो बाबा, व्हिंटेजला रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, फार तर पेट्रोल भरायला.”

“मग पेट्रोल भरायला जाऊ,” काकू मध्येच म्हणाल्या. “येताना मेथी आणू.” इतकी वर्षं गाडीला सवत म्हणणाऱ्या काकू अशा अचानक पक्ष बदलतील हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. काका मात्र बोटं मोजत बसले होते. गाडीची पन्नाशी आणि त्यांचं शहाऐंशीवं वर्ष एकदमच येत होतं.

मुलाने मग तांत्रिक चौकशी केली. ट्रान्समिशन फ्लुइड लाल आहे का? तिकडच्या आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत लाल रंगाचं पातळ तेल असतं. गळलं तर ओळखू यावं म्हणून मुद्दाम रंगवतात. १९४० च्या सुमारास असल्या गाड्या अमेरिकेत निघाल्या, आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल घालत. सत्तरीच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली तेव्हा तिथल्या रसायनवाल्यांची मोठी पंचाईत झाली. गिअर सुळकन पडावा म्हणून देवमासा मारायचा, ही गोष्ट काकूंना फोनवर सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की मग हाताने पाडायला काय होतं? काकांनी मुलाला कळवलं, “आमच्याकडे लाल काही गळत नाही. पानाची पिचकारी सोडून.”

काकांना आता वाकता येत नाही. तेव्हा गाडीखाली मी, आणि शेजारी खुर्चीवर काका, असा तह झाला. आदल्या रात्री गाडीखाली ‘गावकरी’चे चार अंक पसरले. ही युक्ती फार जुनी आणि बिनखर्चाची आहे: सकाळी कुठल्या पानावर थेंब पडला ते बघायचं. पुढच्या टोकाला असेल तर आतलं सील, मग गिअरबॉक्सच उतरवावा लागतो. मध्ये असेल तर झाकणाचं पॅकिंग. मागच्या टोकाला असेल तर दांड्याचं मागचं सील, म्हणजे एका दिवसाचं काम. सकाळी काका बॅटरी घेऊन माझ्याआधी उठून बसलेले. थेंब सगळे मागच्या अंकावर होते, शेतीविषयक पानावर. काकांनी हात जोडले. मला वाटलं देवाला. पण तोंड रावळगावच्या दिशेला होतं.

गाडी जॅकवर घेऊन खाली लाकडी स्लीपर सरकवले. विटा कधीही ठेवू नयेत. वीट सांगून फुटत नाही. मग चाकांकडे जाणारा लांब दांडा सोडवायचा. त्याआधी दोन्ही जोडांवर रंगाची खूण करायची, म्हणजे परत बसवताना तो होता तसाच बसतो, नाहीतर गाडी सबंध अंगाने थरथरते. काकूंनी यासाठी कुंकू देऊ केलं होतं, पण काका म्हणाले रंगच हवा. जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढलं. ते हातात घेतलं तर खारकेसारखं कडक. ओठ कुठला, नुसते दात राहिले होते.

नव्या सीलसाठी मी सीबीएसच्या बाजूला बेअरिंगच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, गाडी कुठली? मी सांगितलं. तो हसला आणि आत गेला. आतून मालक आले, त्यांनी जुनं सील पुसलं, व्हर्नियर लावला आणि म्हणाले, “गाडी कशाला सांगता? सीलला गाव नसतं, माप असतं.” आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. हे तीन आकडे जुळले की सील ट्रॅक्टरचं असो, पाण्याच्या पंपाचं असो, चालतं. ते मिळालं शंभराच्या एका नोटेत. काकांनी ती नोट द्यायच्या आधी उजेडात धरून पाहिली, जुनी सवय.

बसवण्यात दोन मेख आहेत. सील कोरडं बसवायचं नाही. आधी तेलात भिजत घालायचं, स्टोव्हच्या वायसरसारखं. आणि ओठ तेलाकडे, म्हणजे आत. उलटं बसलं तर तेलाला दार उघडून दिल्यासारखंच. तिसरी गोष्ट चाचांची, ती कुठल्या पुस्तकात मला दिसली नाही. जुन्या ओठाने इतकी वर्षं एकाच जागी टेकून लोखंडावरसुद्धा बारीक चर पाडलेली असते. नवं सील अगदी त्याच खोलीवर ठोकलं तर नवा ओठही त्या चरीतच जाऊन बसतो आणि महिन्यात गळायला लागतो. म्हणून ते केसभर अलीकडे थांबवायचं. काका खुर्चीवरून ओरडत होते, “थांब! थांब! ... अजून एक हळूच. बास!” त्यांना तिथून काही दिसत नव्हतं. ते हातोडीच्या आवाजावरून सांगत होते. लाकडाचा ठोकळा टेकवून मारलेली हातोडी सील बसत असताना बोद वाजते आणि जागेवर पोचलं की आवाज भरीव होतो. हे त्यांनी नंतर सांगितलं.

झाकणाचं पॅकिंगही त्याच बैठकीत बदललं. ते घरीच कापतात: जाड कागद झाकणावर धरायचा आणि कडेकडेने गोल तोंडाच्या हातोडीने टिचक्या मारत जायचं, कागद आपोआप कापला जातो. कागद म्हणून काकूंनी आलेल्या लग्नपत्रिकांतली सगळ्यात जाड निवडून दिली. शेलॅक लावून ती बसवली. तेव्हा कुणा एका दांपत्याच्या मंगलाष्टकांची वेळ आज फियाटच्या पोटात नव्वद नंबरच्या तेलात बुडालेली आहे. तेल भरलं ते रंगपंचमीच्या पितळी पिचकारीने. रहाडीत रंग खेळायला नेत असू तीच. गिअरबॉक्सच्या बाजूच्या भोकापर्यंत तेल आलं की थांबायचं. चार पैशांचं जास्त घालू म्हटलं तर तेच बाहेर येतं. एका दुकानदाराने मागे एकदा गळतीवर उपाय म्हणून तेल काठोकाठ भरून दिलं होतं, तेव्हा अंगण आठ दिवस तुळतुळीत होतं.

ठरलेल्या दिवशी पेठ रोडला आरटीओत गेलो. काका मागे बसले, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी. साहेब तरुण होते. दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेक पाहिले. मग मोबाइलची बॅटरी लावून चक्क खाली वाकले. काकांनी डोळे मिटून घेतले.

साहेब उठले, गुडघे झटकले. “काका, खाली एकदम कोरडी आहे,” ते म्हणाले. “कुठे करून घेतलं?”

“घरी,” काका म्हणाले, आणि मग जरा वेळाने, “आमच्याकडे मिस्त्री आहे.” आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या पगाराच्या पहिल्या दिवशीही त्यांनी असं बघितलं नव्हतं.

पाच वर्षांचा शिक्का मिळाला. येताना मेथी आणली.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकांचा फोन. “अरे, लवकर ये. गाडीखाली एक थेंब आहे.” मी पायजम्यावरच गेलो. काका अंगणात स्टुलावर बसलेले, काकू हातात रांगोळीचा डबा घेऊन उभ्या. काकांनी मला थेंब दाखवला, बोट टेकवलं, नाकाशी नेलं, बराच वेळ हुंगलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“इंजिनाचं आहे,” ते म्हणाले. “गिअरबॉक्सचा काही संबंध नाही.”